ज्या माजी सैनिकाला पत्ताच नाही, त्याच्यासाठी : जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, महाराष्ट्र राज्य
प्रत माहितीसाठी : महानगरपालिकांचे आयुक्त

विषय : बेघर माजी सैनिकांसाठी निवारा, कागदपत्रे आणि रोजगार यांचा क्रम बदलण्याबाबत

महोदय / महोदया,
जय हिंद.

आपल्या कार्यालयात मदतीचा कुठलाही अर्ज करायचा तर साधारण तीन गोष्टी लागतात : डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक) किंवा माजी सैनिकाचं ओळखपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्याजवळ या तिन्ही गोष्टी टिकत नाहीत. आधी पत्ता जातो. मग पत्त्यावर येणारी पत्रं बंद होतात, केवायसीअभावी खातं गोठतं, आणि कागदांची पिशवी एखाद्या पावसाळ्यात भिजते किंवा एसटी स्टँडवर चोरीला जाते. मग ज्याला मदतीची सर्वांत जास्त निकड आहे तोच आपल्या नोंदवहीत येत नाही, आणि नोंदवहीत नाव नाही म्हणून जिल्ह्यात असा कोणी नाहीच असं वाटत राहतं.

आमचं मागणं एकच आहे. झोपायची जागा आधी द्यावी, त्या जागेच्या पत्त्यावर कागद तयार करावेत आणि त्या कागदांवर काम मिळवून द्यावं. आज हा क्रम नेमका उलटा आहे.

असे किती जण आहेत, असं आपण विचाराल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक माणसं बेघर म्हणून मोजली गेली. त्यांत फौजेतून आलेले किती, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण तसा रकानाच नव्हता. शहरांतल्या निवाऱ्यांच्या रजिस्टरमध्येही बहुतेक ठिकाणी नाव, वय, गाव आणि आधार एवढंच लिहितात. आणि माणूस स्वतःहून बोलत नाही. पलटणीचं नाव खाली जाईल, गावाकडच्या बॅचवाल्यांना कळेल, म्हणून तो गप्प बसतो. "तुम्ही माजी सैनिक आहात का?" असं विचारलं तर बरेचदा "नाही" म्हणतो, कारण पेन्शन नाही म्हणजे आपण माजी सैनिक नाही अशी त्याची समजूत असते. "कधी फौजेत होतात का? ट्रेनिंग कुठल्या सेंटरला झालं?" असं विचारलं की मान वर होते आणि उत्तर येतं. निम्मी गणना प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून आहे.

बेघर म्हटलं की फुटपाथवर झोपलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माजी सैनिकांच्या बाबतीत मात्र आधी सोसायटीच्या गेटवर पाहायला हवं. वॉचमनची केबिन, पंपाची खोली किंवा जिन्याखालची जागा, तिथे एक काळी ट्रंक, दोरीवर वाळत घातलेला गणवेश आणि भिंतीला टेकवून ठेवलेली गादी. बारा तासांची ड्युटी, आणि रिलीव्हर आला नाही तर चोवीस तासांची. भाडं वाचतं म्हणून तो तिथेच राहतो, आणि वर्षानुवर्षं हे चालूनही जातं. मग एखाद्या महिनाअखेरीस सोसायटी एजन्सी बदलते. नवी एजन्सी आपली माणसं घेऊन येते आणि त्या संध्याकाळी याची नोकरी आणि छप्पर एकाच वेळी जातं. दुसऱ्या एजन्सीत जावं तर पोलीस पडताळणीच्या अर्जात पत्ता विचारतात. कालपर्यंत होता तो पत्ता आज त्याचा नाही. कोणत्याही सरकारी यादीत हा माणूस बेघर नसतो आणि फुटपाथपासून तो फक्त एका करारनाम्याच्या अंतरावर असतो. आपण जेव्हा एजन्सीमार्फत माजी सैनिकांना काम मिळवून देता, तेव्हा "राहतो कुठे?" हा प्रश्न त्याच फॉर्मवर असायला हवा.

पेन्शन असलेला माणूस बेघर कसा होईल, असंही विचारलं जातं. होतो. जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकता येतो, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. हातात आलेल्या रकमेतून तो गावात घर बांधतो, पण जागा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा, म्हणजे घर-जागा कोणाच्या नावावर आहे त्याचा, उतारा बांधकामाच्या आधी कोणी काढलेला नसतो. वडील गेले, वाटण्या झाल्या, की पैसे ज्याचे त्याचं घर नाही, उतारा ज्याच्या नावावर त्याचं घर, हे त्याला पन्नाशीत कळतं. निवृत्तीच्या नोंदणीसाठी जवान आपल्याकडे येतो त्या दिवशी, "बांधकाम करणार असाल तर आधी जागेचा उतारा आपल्या नावावर करून घ्या," एवढं एक वाक्य त्याला लेखी दिलं तरी पुष्कळ घरं वाचतील.

दुसरी वाट हयातीच्या दाखल्याची. फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीत दरवर्षी हयातीची नोंद करावी लागते, आणि ती चुकली की पेन्शन थांबते. मजुरी केलेल्या, वाळू-सिमेंटमध्ये हात घासलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. दोन-तीन वेळा प्रयत्न करून केंद्रचालक "उद्या या" म्हणतो आणि तो उद्या उगवत नाही. चेहऱ्यावरून पडताळणी करायची सोय आहे, पण ती अनेक केंद्रांत कोणी सुचवतच नाही. तिसरी वाट सावकाराची : एटीएम कार्ड आणि पिन त्याच्याकडे गहाण, महिन्याला हातावर थोडे पैसे. अशा वेळी पेन्शन कागदावर सुरू असते, म्हणून आपल्या कार्यालयाला काहीच चुकलेलं दिसत नाही. ज्यांची पेन्शन हयातीच्या नोंदीअभावी थांबली आहे त्यांची जिल्हावार यादी आपण दर तीन महिन्यांनी मागवावी, तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेच्या हाती ती द्यावी, आणि जो घरी सापडत नाही त्याचं नाव लाल पेनानं वेगळं काढावं. "पत्त्यावर आढळला नाही" हा शेरा मारून फाईल बंद होते. खरं काम त्या शेऱ्यापासून सुरू व्हायला हवं.

आता सर्वांत अवघड गटाकडे येतो. पेन्शनसाठी जवानाला १५ वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते. बाराव्या-तेराव्या वर्षी घरच्या अडचणीमुळे स्वतःहून नाव कापून घेऊन घरी आलेला, शिकाऊ काळातच 'कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही' म्हणून परत पाठवलेला, चार 'रेड इंक एंट्री', म्हणजे शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी, झाल्यावर काढून टाकलेला, किंवा रजेवरून परतलाच नाही म्हणून फरारी ठरलेला, हे बहुतेक जण माजी सैनिकाच्या व्याख्येबाहेर राहतात. त्यांना ओळखपत्र नाही, ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना नाही, आरक्षण नाही. त्यांच्यात मनाचा आजार असलेले किती होते, हे त्या काळी कोणी नीट पाहिलंच नाही. जो माणूस डोक्यातल्या आवाजांना घाबरून रेल्वेतून मध्येच उतरून गेला, त्याच्या कागदावर 'फरारी' एवढंच लिहिलेलं असतं.

या लोकांना "तुम्ही आमच्याकडे बसत नाही" असं सांगून परत पाठवू नये, कारण कायद्याची दारं पूर्ण बंद नाहीत. केवळ चार लाल नोंदी झाल्या म्हणून, चौकशी न करता आणि सेवेचा एकूण विचार न करता काढणं टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये म्हटलं आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि नंतर त्याच आजारामुळे बाहेर काढलं, तर जुन्या नियमांखाली तो आजार सेवेमुळे झाला असं धरून चालायचं, हे २०१३ च्या निकालात आलं. अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा उशिरा केला म्हणून तेवढ्यावरून बाद होत नाही. थकबाकी मात्र सहसा दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे उशीर झालेलं प्रत्येक वर्ष त्या माणसाच्या खिशातून जातं. असे दावे ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. महिन्यातून एक दिवस असे खटले चालवणारा वकील आपल्या कार्यालयात बसला, तर दहातल्या दोघांची पेन्शन निघाली तरी ती दोन घरं कायमची उभी राहतील.

याच गटात लवकरच तरुण मुलंही येऊन उभी राहतील. चार वर्षांसाठी सैनिक भरती करणारी अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२ अखेर आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, त्यांची चार वर्षं २०२६ अखेर आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. कायम होणार ते चौथा हिस्साच. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळेल, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही, आणि योजनेच्या मूळ अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पंचविशीतला मुलगा रस्त्यावर येईल असं आम्ही म्हणत नाही. पण बहिणीचं लग्न, ट्रॅक्टरचं कर्ज आणि गावातलं घर यांत सेवा निधी एका वर्षात संपू शकतो, आणि त्यानंतर तो आपल्या दारात आला तर कुठल्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहायचं, हे आजच ठरवून ठेवा.

कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गाडं इथेच अडतं. भिजलेलं डिस्चार्ज बुक हातात आलं तर पानं ओढून सुटी करू नका. सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, पानांमध्ये कोरा शोषकागद घालून दोन दिवस वाळू द्या. मग प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानाचासुद्धा, फोटो काढा. भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख, ट्रेड (म्हणजे फौजेतलं काम), सुटण्याचं कारण, चारित्र्याचा शेरा, वैद्यकीय श्रेणी, पत्नी-मुलांची नावं आणि ओळखखुणा, हे सगळं त्यात असतं. शाई पसरलेली असली तरी ओळखखुणेच्या ओळीतला "डाव्या भुवईवर व्रण" वाचता येतो, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या भुवईवर तो व्रण तेव्हाही असतो. पुस्तक हरवलंच असेल तरी घाबरायचं कारण नाही. सत्तरीतल्या माणसाला नातवाचं नाव आठवणार नाही, पण फौजेतला नंबर विचारा : आकडे आणि शेवटचं इंग्रजी अक्षर एका दमात सांगतो. तो नंबर, नाव, भरतीचं वर्ष आणि रेजिमेंट एवढ्यावर शोध सुरू होतो.

पुढची पायरी रेकॉर्ड ऑफिसची, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाची. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारं दल) सिकंदराबादला, डीएससीचं (डिफेन्स सिक्युरिटी कोर) कन्नूरला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला आणि वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. पोलीस ठाण्यातली हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, फोटो आणि आपल्या कार्यालयाचं शिफारसपत्र जोडून अर्ज गेला, की डिस्चार्ज बुकाऐवजी प्रमाणपत्र मिळतं. माणसानं स्वतः पाठवलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो, आणि त्याचं उत्तर यायला पत्ताच नसतो. म्हणून उत्तराचा पत्ता नेहमी आपल्या कार्यालयाचा द्यावा.

इथे घाई करण्याचं एक कारण आहे. पेन्शन नसलेल्या जवानाची सेवेची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. त्यानंतर 'लाँग रोल' या कायम ठेवायच्या नोंदवहीतली त्रोटक नोंद तेवढी उरते. २००३ साली काढून टाकलेल्या माणसाची वैद्यकीय मंडळाची कागदपत्रं २०२८ नंतर मिळतील याची खात्री नाही, आणि ती नसली की वर सांगितलेल्या दाव्यांचा पायाच जातो. अशा माणसाचा दावा पुढे कधी करायचा ते नंतर ठरवा, पण त्याच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदांची प्रत आजच मागवून ठेवा.

आधारचा पत्ता हा दुसरा खोळंबा. राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचे प्रमुख यांनी ठरलेल्या नमुन्यात, फोटोवर सही-शिक्का मारून दिलेला दाखला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. दाखल्याची मुदत तीन महिने असते, म्हणून सही झाली की त्याच आठवड्यात केंद्रावर जावं. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच आधारवर घ्यायचा आग्रह धरा. 'पांडुरंग रामा' आणि 'पांडुरंग रामचंद्र' एवढ्या फरकानं पेन्शन अडते, आणि पत्नीच्या नावात तसाच फरक राहिला तर तो गेल्यावर तिची पेन्शन अडते.

आता जागेचं. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकी विश्रामगृह आहे. तिथे माणसं कामासाठी येतात, एक-दोन रात्री राहतात आणि जातात. प्रत्येक विश्रामगृहात चार खाटा ९० दिवसांच्या मुक्कामासाठी राखून ठेवाव्यात, एवढंच आम्ही म्हणतो. ९० दिवस का, तर पहिल्या १५ दिवसांत झोप, जेवण, दवाखाना आणि आधारचा अर्ज. महिनाभरात बँक खातं आणि पोलीस पडताळणी. दुसऱ्या महिन्यात काम. तिसऱ्या महिन्यात पहिला पूर्ण पगार आणि खोलीचा शोध. यातला एक टप्पा जरी लांबला तरी ६० दिवस पुरत नाहीत. दरवाजाला आतून कडी आणि कुलूप लावता येईल असं कपाट, या दोन गोष्टी खाटेइतक्याच महत्त्वाच्या. उशाशी पिशवी घेऊन झोपणारा माणूस कामावर जात नाही, कारण पिशवी कुठे ठेवायची हा प्रश्न असतो.

महापालिकांच्या निवाऱ्यांबाबत आयुक्तांना एक सांगायचं आहे. शहरी बेघरांसाठीच्या योजनेत एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी निवारा आणि माणशी सुमारे ५० चौरस फूट जागा हा दंडक होता, आणि निवारा चोवीस तास चालावा असंही त्यात होतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याला 'रात्र निवारा'च म्हणतात आणि सकाळी आवरून बाहेर पडावं लागतं. माजी सैनिकाला सर्वांत आधी जे काम मिळतं ते रात्रपाळीच्या पहाऱ्याचं. सकाळी सातला ड्युटी संपवून आलेल्या माणसाला निवारा बंद. तो बागेतल्या बाकावर झोपतो, दुपारी उठवला जातो, रात्री गेटवर डोळा लागतो आणि पंधरा दिवसांत काम जातं. मग शेरा येतो, "हे लोक टिकत नाहीत." निवाऱ्यात एक खोली दिवसा झोपणाऱ्यांसाठी ठेवा, खिडक्यांना जाड पडदे लावा, दारावर पाटी लावा. खर्च पडद्यांचाच आहे.

नोकरीच्या बाबतीत आपल्याकडे साधनं कमी नाहीत. राज्याच्या गट क आणि गट ड पदांत १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्राच्या गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ म्हणजे आपलं मेस्को आहे, संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयानं प्रायोजित केलेल्या सुरक्षा एजन्सी आहेत. खासगी सुरक्षा एजन्सींच्या केंद्रीय नमुना नियमांत इतरांना वर्गातले १०० आणि मैदानावरचे ६० तास प्रशिक्षण लागतं; माजी सैनिकाला ४० आणि १६ तासांचा, किमान सात दिवसांचा छोटा अभ्यासक्रम पुरतो. कोंडी होते ती रुजू झाल्यापासून पहिला पगार हातात येईपर्यंतच्या दिवसांत.

हिशेब मांडून पाहा. महिन्याच्या ३ तारखेला रुजू झालेल्या माणसाचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला येतो. म्हणजे साधारण ३५ दिवस खाणं आणि बसभाडं उसनवारीवर. पहिल्या पगारातून गणवेश आणि बुटांचे पैसे कापले जातात. शहराच्या कडेला एका खोलीचं भाडं ६ हजार धरलं आणि मालकानं तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, तर पहिल्या महिन्याचं भाडं धरून किल्ली मिळायला २४ हजार लागतात. हातात १५ हजार येत असतील तर खाऊन-पिऊन तेवढे साठवायला अर्धं वर्ष जातं. त्या अर्ध्या वर्षात एक आजारपण, एक एजन्सीबदल, आणि माणूस पुन्हा स्टँडवर. म्हणून आमची सूचना अशी : पहिले ४० दिवस जेवणाचे आणि बसपासचे पैसे अनुदान म्हणून द्यावेत, आणि डिपॉझिट फिरत्या निधीतून थेट घरमालकाच्या खात्यावर जावं. खोली सुटली की ते निधीत परत येतं, त्यामुळे त्याच पैशात पुढच्या माणसाची सोय होते. माणसाच्या हातात डिपॉझिटची रोख रक्कम देऊ नये. जुना सावकार तीच वाट पाहत असतो.

भाडेकरार तोंडी ठेवू नका. लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का, नोंदणी फी शहरात १००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकाची असली तरी निधीनं तो खर्च उचलावा, कारण या एका कागदावर गॅस, बँक, पडताळणी आणि मतदार यादी असे चार दरवाजे उघडतात. दोन माजी सैनिकांनी मिळून एक खोली घेतली तर उत्तम, पण एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची रात्रपाळी असेल तरच. दोघांची पाळी एकच असली की खोली लवकर मोडते.

आणि प्रत्येकाला पहाऱ्यावरच उभं करू नका. डिस्चार्ज बुकातला ट्रेड वाचा. स्टोअरकीपर एमआयडीसीतल्या गोदामात चालेल, नर्सिंग असिस्टंट रुग्णालयात, ईएमईचा मेकॅनिक गॅरेजमध्ये, लंगरचा स्वयंपाकी वसतिगृहाच्या भटारखान्यात. दोनशे माणसांचा स्वयंपाक वेळेत करणारा माणूस शहरात सहज मिळत नाही. जड वाहनाच्या चालकाचा परवाना आधी तपासा, कारण मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. मॅट्रिक आणि १५ वर्षं सेवा झालेला माणूस केंद्राच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या बऱ्याच पदांना पात्र धरला जातो, हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. पासष्टीपुढच्या, पेन्शन नसलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला नोकरी शोधायला लावूच नये. केंद्रीय सैनिक बोर्डाचं निराधार अनुदान त्याच्यासाठीच आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिना ४ हजारांवरून ८ हजार झालं आहे. ८ हजारांत एका माणसाची खोली आणि डबा भागू शकतो. फक्त अर्ज करायला त्याला कोणीतरी संगणकापुढे घेऊन बसायला हवं.

दारूबद्दल स्पष्ट लिहितो. "आधी सोड, मग खाट देतो" ही अट घातली की माणूस येत नाही. रात्री गोंधळ घालायचा नाही, खोलीत बाटली आणायची नाही, एवढे नियम पुरेत. एकदम बंद केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास होणं किंवा झटका येणं हा जिवावरचा प्रसंग असतो, तेव्हा जिल्हा रुग्णालयच हवं. विश्रामगृहाच्या चौकीदाराला हे आधी समजावून ठेवा. मनाच्या आजारासाठी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि लष्करी लोकांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आहे. पेन्शन नसलेल्याला ईसीएचएस मिळत नाही, म्हणून येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतून घरी सोडल्या जाणाऱ्या, घर नसलेल्या माणसांची चौकशी आपल्या कार्यालयानं करायला हवी.

हे सगळं कागदी आहे असं कोणाला वाटेल. अमेरिकेत जानेवारीतल्या एका रात्री देशभर बेघरांची मोजणी होते आणि त्यात माजी सैनिक वेगळे मोजतात. २०१० मध्ये हा आकडा ७४ हजारांवर होता, २०२४ मध्ये ३२,८८२ झाला. तिथे माणसानं आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं भरायचं, उरलेलं गृहनिर्माण खातं भरतं, आणि माजी सैनिकांच्या खात्याचा एक कार्यकर्ता त्याच्या मागे लागून राहतो. आधी घर, अटी नंतर. तो पैसा आपल्याकडे नाही, पण मोजणी, खाट आणि एक नेमलेला माणूस यांना तेवढा पैसा लागतही नाही. जिल्ह्यात कल्याण संघटक आहेत. त्यांतल्या एकाकडे फक्त हेच काम द्या, एका वेळी बाराहून जास्त माणसं त्याच्याकडे देऊ नका, आणि खोली मिळाल्यावरही वर्षभर महिन्यातून एकदा त्यानं दार ठोठवावं.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. त्याच्या आदल्या रात्री, १० ते पहाटे ४ या वेळेत, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मोजणी करावी : रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा, मोठ्या देवळांची आवारं, गुरुद्वाऱ्याचा लंगर, कॅन्टोन्मेंटच्या कडेचे पूल, आणि सोसायट्यांच्या केबिनी. दोघांची जोडी, त्यातला एक माजी सैनिक, गणवेशातला पोलीस मात्र सोबत नको. फॉर्म एका पानाचा पुरे : नंबर, नाव, सेंटर, भरतीचं आणि फौजेतून सुटल्याचं वर्ष, कागद काय उरलेत, तब्येत, आणि उद्या कुठे सापडाल. आधार मागू नये, फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

माणसं आम्ही देऊ. आपल्याकडून पोलीस अधीक्षकांना एक पत्र, एक गाडी आणि विश्रामगृहाची किल्ली हवी. चार खाटांच्या चादरी त्या संध्याकाळीच घालून ठेवा. रात्री दोनला सापडलेला माणूस सकाळी कार्यालय उघडेपर्यंत तिथेच थांबेल असं धरू नका.

आपले,
माजी सैनिकांची कागदपत्रे, निवारा आणि रोजगाराचे काम करणारे कार्यकर्ते